चाकणचा वेढा किती दिवसांचा?

चाकणच्या संग्रामदुर्गाविषयी चार पुस्तके उघडून बसा. शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी हा छोटासा भुईकोट किती दिवस लढवला? एकात चौपन्न दिवस सापडतील, दुसऱ्यात पंचावन्न, तिसऱ्यात छप्पन्न आणि चौथ्यात नुसतेच ‘जवळजवळ दोन महिने’. आता चाकणच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीला ‘माझ्या गावाचा इतिहास’ असा प्रकल्प दिला, तर तिने यातला कोणता आकडा लिहायचा?

मोह होतो तो सर्वांत मोठा आकडा उचलण्याचा. गाव आपले, किल्ला आपला, मग दोन दिवस जास्तच बरे! पण जरा थांबून तारखा पाहू. जदुनाथ सरकार यांचे शिवचरित्र १९१९ साली निघाले. त्यातल्या हकिकतीनुसार खान १९ जून १६६० रोजी पुण्याहून निघाला आणि २१ जूनला चाकणला पोहोचला. १४ ऑगस्टला सुरुंग उडाला, बुरूज ढासळला आणि १५ ऑगस्टला किल्ला पडला. आता बोटांवर मोजा. २१ जून ते १४ ऑगस्ट, पहिला दिवस सोडला तर चौपन्न, धरला तर पंचावन्न, आणि किल्ला हाती आल्याचा दिवसही मिळवला तर छप्पन्न. म्हणजे कोणीच खोटे बोललेले नाही. मोजणी कुठून कुठवर केली आणि कोणाच्या तारखांवरून केली, एवढेच सांगायचे राहून गेले.

संदर्भ देणे म्हणजे हे राहून गेलेले सांगणे. तळटीप हा परीक्षकाला खूश करण्याचा सोपस्कार आहे, असा आपल्याकडे समज आहे. निबंध लिहून झाला की शेवटच्या पानावर घाईघाईने पाच-सहा पुस्तकांची नावे टाकायची, त्यातली दोन न उघडलेली असली तरी चालते! मंडळी, हे चालत नाही. का चालत नाही, ते त्याच वेढ्यातल्या आणखी एका आकड्यावरून कळेल.

चाकण घेताना मोगलांचे २६८ लोक ठार झाले आणि ६०० जखमी झाले, असे सरकार देतात. हा आकडा एखाद्या पोवाड्यातून आला असता तर आपण कौतुकाने ऐकला असता आणि मनातल्या मनात थोडी वजावट केली असती. पण चाकणची ही हकिकत सरकारांनी मुख्यतः ‘आलमगीरनामा’ या फारसी ग्रंथावरून घेतली आहे. त्याचा लेखक मुहम्मद काझिम हा औरंगजेबाचा दरबारी इतिहासकार. बादशहाच्या पहिल्या दहा वर्षांचा गौरव लिहिण्यासाठी नेमलेला माणूस जेव्हा आपल्याच बाजूची हानी नोंदवतो, तेव्हा त्या आकड्याला वजन येते. समोरच्या पक्षाच्या दप्तरातली ती कबुली आहे. तळटीप काढून टाका, की तोच आकडा फुशारकी वाटू लागेल. किल्ला कसा लढला याची साक्ष शत्रूच्या कागदात मिळते, हे त्या मुलीने लिहिले, तर तिच्या गावाचा मान दोन दिवस वाढवून मिळाला असता त्यापेक्षा जास्त वाढेल.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण कवितेलाही हा प्रश्न सुटलेला नाही, आणि त्याचे उदाहरण पुन्हा चाकणचेच आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ अशी मुद्रिका येते. कवीने स्वतःच दिलेला तो संदर्भ. पण दुसऱ्या कोणी अभंग रचून शेवटी तीच मुद्रिका जोडली, तर ओळखायचे कसे? त्यासाठी वह्यांकडे जावे लागते. १८६९ आणि १८७३ साली सरकारी खर्चाने गाथेचे दोन भाग छापले गेले, तेव्हा विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचा आधार घेतला. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या म्हणून सांभाळलेल्या वह्यांवरून १९१९-२० मध्ये वेगळी गाथा छापली. दोन्हींत फरक आहेत. पण त्या फरकांचा विचार आपण आज करू शकतो, तो आपली वही कोणती हे संपादकांनी सांगून ठेवले म्हणून.

माझ्या घरच्या परंपरेत हदीस सांगण्याचीही अशीच रीत आहे. वचन सांगण्याआधी ते कोणी कोणाकडून ऐकले, ती सगळी साखळी सांगायची. तिला इस्नाद म्हणतात. साखळीतला एक दुवा कच्चा निघाला, की वचनाची किंमत उतरते. नवव्या शतकात इमाम बुखारींनी वचने पारखून घेतली ती या साखळ्या तपासूनच. सांगणारा कितीही मोठा असो, ‘तुम्हाला हे कोणी सांगितले?’ असे विचारण्यात त्याचा अपमान नाही.

आपल्याकडे इतिहासाच्या बाबतीत असा प्रश्न धीटपणे विचारला तो एका विद्यार्थ्यानेच. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यावर टीकात्मक निबंध लिहिला. टीका करून ते थांबले नाहीत. ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून त्यांनी बखर छापली, म्हणजे मूळ साधनच वाचकाच्या हाती ठेवले. मग वि. का. राजवाडे आले. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड काढले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. त्या खंडांत कागदांना क्रमांक आहेत. म्हणून आजही अभ्यासक ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक’ एवढे लिहितो आणि वाचक नेमक्या त्या पत्रापाशी जाऊन पोहोचतो.

आता प्रत्यक्ष लिहायचे कसे? परदेशात याचे नियमांचे ग्रंथ आहेत. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने आपला नियमग्रंथ १९०६ साली काढला, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९२९ साली आपली पद्धत ठरवली, भाषा-साहित्यवाल्यांची १९५१ मध्ये आली. कोणी साल आधी लिहितो, कोणी शेवटी. स्वल्पविराम, कंस वेगळे. पण विचारलेले प्रश्न तेच: कोणी लिहिले, काय लिहिले, कुठे आणि कधी छापले, कोणत्या पानावर? कॉलेजने पद्धत ठरवून दिली असेल तर ती पाळावी. नसेल तर एक निवडावी आणि पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत तीच ठेवावी.

मराठीत पुस्तकाची नोंद साधारण अशी होते: आधी आडनाव, मग नाव, मग पुस्तकाचे नाव, प्रकाशक, गाव, आवृत्ती, साल आणि पान. आवृत्ती विसरू नये, कारण नव्या आवृत्तीत पाने सरकतात. जुन्या पुस्तकावर नुसता शक असेल तर तो जसाच्या तसा लिहून शेजारी इसवी सन द्यावा. शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७९. चाकणचा वेढा शके १५८२ मधला, तो असा १६६० होतो. लागोपाठ दुसऱ्यांदा तेच पुस्तक आले तर ‘तत्रैव’ लिहून पान द्यावे. संकेतस्थळावरून घेतले असेल तर पत्ता आणि पाहिल्याची तारीख हवी, कारण तिथला मजकूर उद्या बदलू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे हातात धरले तेच लिहावे. सरकारांचे पुस्तक वाचले आणि त्यात आलमगीरनाम्याचा उल्लेख सापडला, तर ‘आलमगीरनामा, सरकार यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे लिहायचे. फारसी ग्रंथ स्वतः वाचल्याचा आव आणायचा नाही. यात कमीपणा नाही. उलट सरकारांच्या वाचण्यात काही चुकले असेल, तर पुढच्याला ते नेमके कुठे शोधायचे हे कळते.

पिंपरी-चिंचवडच्या मुलांना हे समजायला अवघड जाऊ नये. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. औषधाच्या बाटलीवर बॅच नंबर का असतो, हे इथल्या कामगाराला विचारा. काही बिघडले तर ते कधीच्या, कुठल्या मालात बिघडले हे शोधता यावे म्हणून. गाडीला चॅसी नंबर असतो, तोही ओळख पटावी म्हणून. बापाने आयुष्यभर नंबराशिवाय माल गेटबाहेर सोडला नाही, आणि मुलाने नंबराशिवाय इतिहास बाहेर सोडायचा?

शेवटी एक सांगणे. या पट्ट्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास अजून बराचसा पुस्तकात आलेला नाही. तो जुन्या पगारपत्रकांत आहे, युनियनच्या हँडबिलांत आहे, सात-बाराच्या उताऱ्यांत आहे, आणि मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून पोटासाठी इथे आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत आहे. मुलांनी आजी-आजोबांना विचारावे. आणि विचारताना वहीत सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि ऐकल्याची तारीख लिहावी. नाव नको म्हणाले तर तेही नोंदवावे. कागद दाखवला, तर तो कोणाच्या घरी आहे ते लिहावे. शंभर वर्षांनी कोणी चाकणचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला कदाचित तुमच्या प्रकल्पाचीच वही सापडेल. तो पहिला प्रश्न विचारेल, ‘हे कुठून घेतले?’ त्याचे उत्तर त्याच पानाच्या तळाशी असू द्या.