तटाच्या आत मुक्काम

क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात एका रोमन सम्राटाच्या राजवाड्यात रात्रीपुरती खोली भाड्याने मिळते. डायोक्लेशनने इ.स. ३०५च्या सुमारास निवृत्तीनंतर राहण्यासाठी हा राजवाडा बांधून घेतला. सातव्या शतकात शेजारचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथली माणसं जीव मुठीत धरून या तटाआड आली आणि पुढे तिथेच राहिली. सम्राटाच्या खांबांना टेकून घरं उठली. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या या माणसाच्या समाधीचंही पुढे चर्च झालं.

लोणी देवकरहून स्प्लिटला जाणं काही माझ्या खिशाला परवडणारं नाही. पन्हाळा परवडतो.

गडावर मुक्काम म्हटलं की आपल्याला पाठपिशवी आणि तंबू आठवतो. इथे मात्र एसटी गडाच्या आत जाते, तीही चार दरवाजा जिथे होता तिथून. १८४४च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो दरवाजा पाडला. आत बाजार आहे, नगरपरिषद आहे, झुणका-भाकर आहे आणि लॉजही आहेत. त्यांतल्याच एकात मी उतरलो.

संध्याकाळी अंबरखान्यात गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं, असं सांगतात. आत उभं राहिलं की सिद्दी जौहरचा १६६०चा वेढा वेगळा दिसायला लागतो. शिवाजी महाराज पावसाळी रात्री निसटले, ते आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याआधीचे चार महिने गडावर रोज चुली पेटत होत्या, कुणीतरी दळत होतं, पाणी भरत होतं. ही माणसं बखरीत फारशी येत नाहीत. मला तीच जास्त जवळची वाटतात.

बारामतीकर ज्यांना आपले म्हणतात ते मोरोपंतही इथलेच. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले, पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी स्थिरावले. म्हणजे तेव्हाही या तटाच्या आत पाळणे हलत होते. ताराराणींच्या राजवाड्यात तर पुढे शाळा भरली, मुलांचं वसतिगृह झालं. राजवाड्यात फुकट मुक्काम करायचा तर असा!

रात्री लॉजवाल्या काकांकडे हा विषय काढला. त्यांना इतिहासापेक्षा गळक्या छपराची काळजी जास्त होती. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. आणि जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. “नाव मोठं झालं, चांगलंच झालं,” काका म्हणाले, “पण आम्ही राहायचं ना इथं?”

स्प्लिटचा राजवाडा १९७९पासून त्या यादीत आहे. तिथून कुणी कुणाला हाकललं नाही. पण घरांच्या खोल्या पर्यटकांना द्यायला लागल्यावर कायम राहणारे हळूहळू कमी झाले. म्हणजे धोका नियमांचा आहे तसाच माझ्यासारख्या मुक्कामी पाहुण्याचाही आहे. माझी खोलीसुद्धा आधी त्यांच्या मुलाची होती, हे काकांनी बोलता बोलता सांगितलं. भिंतीवर त्याची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या रेघा अजून होत्या. मुलगा आता कोल्हापुरात राहतो.