नीरेच्या कालव्यावरील जमाखर्च

कच्चा माल किती घातला म्हणजे पक्का माल किती निघेल, आणि तो विकून गांठीं काय उरेल, हा प्रश्न सर्व धंद्यांच्या मुळाशीं आहे. तेली, सोनार, हलवाई यांना तो रोज सोडवावा लागतो. शेतकऱ्याला मात्र हिशेब ठाऊक नाहीं, म्हणूनच तो दरिद्री राहतो, असा आरोप गेलीं दोनशें वर्षें ऐकूं येत आहे. पुणें जिल्ह्यांतील इंदापूर व बारामती या दोन तालुक्यांचा इतिहास चाळला म्हणजे हा आरोप किती उथळ आहे हें ध्यानांत येतें. या टापूंत जमिनीच्या नफ्यातोट्याचे हिशेब एकामागून एक मांडले गेले. त्यांतील बेरीज-वजाबाकी बहुधा बिनचूक असे. चूक होत असे ती निराळ्याच ठिकाणीं. ती कोठें, याचा शोध घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पहिला हिशेब सरकारचा. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेंतील जमिनींवर सारा कोणत्या प्रमाणानें बसवावा हा प्रश्न कंपनीसरकारपुढें उभा राहिला. तें काम प्रिंगल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्याकडे आलें. त्या काळीं विलायतेंत रिकार्डो व माल्थस यांच्या अर्थशास्त्राचा मोठा बोलबाला होता. जमिनीच्या एकंदर उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा जातां जें निव्वळ शिल्लक राहतें, त्यांतूनच सरकारनें आपला हिस्सा घ्यावा, हें त्या शास्त्राचें सूत्र होय. त्यास अनुसरून प्रिंगलनें निरनिराळ्या प्रतींच्या जमिनींचें पीक किती, बैल, बियाणें व मजुरी यांचा खर्च किती, याचीं कोष्टकें तयार करविलीं, आणि शिलकेच्या शेंकडा ५५ इतका सारा ठरविला. कागदावर याहून न्याय्य योजना कोणास सुचली नसती.

परंतु कोष्टकांत घातलेले आंकडेच मुळीं भरंवशाचे नव्हते. मोजणी हाताखालच्या कामगारांनीं केली. तींत चुका झाल्या आणि लांचलुचपतही शिरली. शिवाय इंदापूरसारख्या अवर्षणाच्या मुलखांत ‘सरासरी पीक’ या शब्दाला अर्थ तो किती असणार? एका सालीं कोठार भरावें आणि दुसऱ्या सालीं बियाण्यापुरतेंही दाणे हातीं लागूं नयेत, अशी जेथील रीत, तेथें दोहोंची सरासरी काढून कोणाचें पोट भरत नाहीं. त्यांत धान्याचे भाव उतरले आणि पावसानेंही दगा दिला. सारा थकला, सुटीवर सुटी द्यावी लागली, आणि कांहीं वर्षांतच इंदापूर तालुक्यांतील जमिनी पडीक पडूं लागल्या.

तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड या अधिकाऱ्यास चौकशीसाठीं धाडण्यांत आलें. त्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट व नॅश हे आले, आणि १८३६ सालीं याच तालुक्यांत जी नवी आकारणी झाली तिनेंच पुढें सर्व मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाची घडी बसविली. या मंडळींनीं निव्वळ नफा काढण्याचा नादच सोडून दिला. मातीचा रंग व खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती पाडल्या. सर्वांत सरस जमीन सोळा आणे आणि सर्वांत निकृष्ट दोन आणे, अशी त्यांची तुलना लाविली. प्रत्यक्ष दर ठरवितांना मागील वर्षांत त्या मुलखानें खरोखर किती सारा भरला होता इकडे दृष्टि ठेविली, आणि तो दर तीस वर्षें कायम केला. शास्त्रीय दृष्टीनें ही माघारच. पण पडीक जमिनी पुन्हां नांगराखालीं आल्या. जें आपणांस नक्की मोजतां येत नाहीं तें मोजल्याचा आव आणूं नये, हें शहाणपण प्रिंगलच्या कोष्टकांत नव्हतें. विंगेटच्या आणेवारींत तें होतें.

हें शहाणपण फार दिवस टिकलें नाहीं. तीस वर्षांची मुदत सरली तों अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें इकडे कापसाला व धान्याला भलता भाव आलेला होता. १८६७ सालीं इंदापुरापासूनच फेरआकारणीस आरंभ झाला, आणि त्या तेजीच्या भावांवर भिस्त ठेवून सारा पुष्कळच वाढविण्यांत आला. भाव खालीं आले. सारा खालीं आला नाहीं. मधली खिंड सावकारानें भरून काढली. त्याची वही हा या टापूंतील दुसरा हिशेब. त्यांत व्याजाची आकारणी चोख असे, बेरीज अचूक असे. पण वही एकट्या सावकाराच्या हातीं, आणि कुळाला ती वाचतां येत नसे. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथील बाजारांत लोकांनीं सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला, तेव्हां त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर. सुपें आज बारामती तालुक्यांत मोडतें. ‘दक्षिणेंतील दंगे’ या नांवानें इतिहासांत नमूद झालेल्या त्या उठावाचा अर्थ एका वाक्यांत सांगावयाचा तर असा कीं, ज्या हिशेबांत आपणांस डोकावतां येत नाहीं तो लोकांनीं जाळून टाकिला. त्यांतूनच १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांस साह्य करण्याचा कायदा निघाला.

याच सुमारास १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि दुष्काळी कामांतून नीरेच्या डाव्या कालव्याची उभारणी झाली. १८८५ सालीं त्याचें पाणी वाहूं लागलें. वर भोर संस्थानांत येळवंडी नदीवर भाटघरचें धरण बांधण्यांत आलें. इंजिनियरांचा अंदाज असा कीं, पाणी दाराशीं आल्यावर शेतकरी धांवत येऊन तें घेईल. शेतकरी धांवला नाहीं. बरें पाऊसमान असल्यास ज्वारी-बाजरीला पाटाचें पाणी लागत नाहीं. मग पाणीपट्टी कां भरावी, असा त्याचा साधा हिशेब होता, आणि तो बरोबर होता. पाण्याचें मोल भरून काढील असें पीक हवें होतें. तें पीक म्हणजे ऊस. सासवडकडील माळी बागाइतदार खालीं कालव्यावर आले, त्यांनीं खंडानें जमिनी घेतल्या, आणि ऊस व गूळ यांचें चक्र फिरूं लागलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्यांनीं याच कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धति सुरू केली: एका गटांतील एक तृतीयांश जमिनींत ऊस, उरलेल्या भागांत फेरपालटीचीं इतर पिकें, आणि अनेक वर्षांसाठीं पाण्याची हमी.

गुऱ्हाळाचा हिशेब आम्हांस या सर्वांत अधिक मनोरंजक वाटतो, कारण त्यांत एकही पायरी अशी नाहीं कीं जेथें मालाचें रूप पालटत नाहीं आणि कांहींतरी घटत नाहीं. बैलांच्या लोखंडी चरकांत शंभर मण ऊस घातला तर साठ ते पासष्ट मण रस निघतो. तो काहिलींत आटविला म्हणजे दहा ते बारा मण गूळ हातीं लागतो. आतां साठांच्या जागीं पासष्ट मण रस निघाला, तर ऊस तोच, पाणी तेंच, खत तेंच असून गूळ एक द्वादशांशानें वाढतो. जुने लाकडी चरक मागें पडून लोखंडी चरक एवढ्या झपाट्यानें कां पसरले, याचें उत्तर या एका अपूर्णांकांत आहे. ज्यांनीं लहानपणीं पावकी, निमकी, सवायकी आणि औटकी घोकली होती त्यांना तो समजावून सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज पडली नाहीं.

जळणाचा हिशेब तितकाच नाजूक. पिळून उरलेलीं चिपाडें वाळवून चुलवाणांत घालावयाचीं. चुलवाण नीट बांधलेलें असेल तर तेवढ्यावर आधण निघतें, नसेल तर सरपण विकत घ्यावें लागतें आणि नफा धुरांत जातो. रस उकळूं लागला म्हणजे चुना व भेंडीचें पाणी घालून मळी काढावयाची. मळी राहिली तर गूळ काळा पडतो आणि पेठेंत दर उतरतो. अति काढली तर तिच्याबरोबर रसही जातो. काहील केव्हां उतरावयाची हें गुळव्या ठरवितो. क्षणभर आधीं उतरली तर ढेप बसत नाहीं, क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. महिनोन्‌महिने शेतांत ओतलेला सर्व पैसा त्या क्षणीं एका माणसाच्या नजरेवर तोललेला असतो. म्हणून गुळव्याची मजुरी इतरांहून अधिक असे, आणि तिजविषयीं घासाघीस करणारा बागाइतदार मूर्ख गणला जाई.

आणि या सर्वांवर काळाचा खर्च. आडसाली ऊस जुलै-आगष्टांत लाविला तर तो सोळा ते अठरा महिने जमीन अडवून बसतो. तेवढ्या मुदतींत पेंडीचें खत, पाणीपट्टी, खंड व मजुरी हीं सर्व उसनवारीनें भागवावयाचीं. तोडलेला ऊस थांबत नाहीं. रस तर कांहीं तासांत आंबतो. गूळ थांबूं शकतो, पण पावसाळ्यांत त्यास पाणी सुटतें. आडत्याची उचल डोक्यावर असली म्हणजे भाव चढेपर्यंत थांबण्याची मुभा राहत नाहीं. येथें बागाइतदाराचें गणित कोठेंही चुकत नाहीं. चुकतो तो शेवटचा एकच आंकडा, पेठेंतील भाव, आणि तो लिहिण्याचा अधिकार त्याचा नसतो.

एक खर्च मात्र कोणाच्याच वहींत नव्हता. कालव्याखालील खोल काळ्या जमिनींत पाण्याचा निचरा होईना. पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले, आणि ऊस डोलत होता तेथें पांढरी खार फुलली. १९१० सालींच कृषिखात्याचे डॉ. हॅरल्ड मान व तम्हाणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. पाण्याची किंमत पाणीपट्टींत धरली गेली. पाण्यानें मारलेल्या जमिनीची किंमत ना सरकारनें धरली ना बागाइतदारानें. ती आज त्यांचीं नातवंडें भरीत आहेत.

१९३२ सालीं साखरेच्या धंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें, आणि हिशेबाचें ठाणें काहिलीवरून कारखान्यांत गेलें. इंदापूर तालुक्यांत कळंबजवळ शेठ वालचंद हिराचंद यांचें वालचंदनगर उभें राहिलें. त्याच वर्षीं कालव्यावर पाडेगांव येथें उसाचें संशोधन सुरू झालें. पुढें प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० सालीं चालू झाल्यावर माळेगांव, भवानीनगर, सोमेश्वर येथेंही शेतकऱ्यांच्या मालकीचे कारखाने निघाले. आपला ऊस, आपला काटा, आपली वही, हा त्यांमागील विचार होता, आणि सुप्याच्या बाजारांत पेटलेल्या कागदांना तें खरें उत्तर होतें.

आज उसाची किंमत साखरेच्या उताऱ्यावर ठरते. २०२४-२५ च्या हंगामासाठीं केंद्रसरकारनें सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३४० रुपये दर बांधिला, आणि त्यावरील प्रत्येक दशांश टक्क्यास ३ रुपये ३२ पैसे अधिक. त्यांतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. म्हणजे गुळव्याच्या नजरेची जागा प्रयोगशाळेनें घेतली, पण प्रश्न जुनाच राहिला: उतारा कोण काढतो, काटा कोण पाहतो, आणि वही कोणास वाचतां येते? मालकी सभासदांची असली तरी हे आंकडे जोंवर प्रत्येक सभासद स्वतः ताडून पाहत नाहीं, तोंवर ती मालकी अर्धीच होय.

प्रिंगलपासून आजतागायत येथें कोणींही त्रैराशिक चुकविलेलें नाहीं. प्रत्येक हिशेबानें फसविलें तें त्यांत आंकडे भरणाऱ्या हातानें, आणि त्यांत न भरलेल्या आंकड्यांनीं. इंदापूर-बारामतीच्या शेतकऱ्यास गणित शिकविण्याची हौस ज्यांना असेल त्यांनीं ती खुशाल भागवावी. परंतु वही आधीं त्याच्या हातीं द्यावी, आणि तींत खारावलेल्या जमिनीसाठीं एक रकाना मोकळा ठेवावा.