भंगारातली येझदी आणि दुरुस्तीचा इतिहास

जुन्या वाड्याची मागची पडवी, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा कोपरा, नाहीतर शेतातली पत्र्याची शेड. जुनी जावा किंवा येझदी सापडते ती बहुधा अशाच ठिकाणी. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला असतो, टाकीच्या क्रोमवर गंजाचे फोड आलेले असतात, टायर चपटे होऊन जमिनीला चिकटलेले असतात. किक मारायला जावं तर दांडा हलतच नाही, कारण इंजिन कधीचंच जाम झालंय. घरातले म्हणतात, 'आण्णांची गाडी आहे, असू दे.' मग एक दिवस जागा लागते म्हणून भंगारवाल्याला फोन जातो आणि आण्णांची गाडी किलोच्या भावाने निघून जाते.

अलीकडे काही घरांत मात्र भंगारवाल्याच्या आधी नातू किंवा नात पोहोचते. ती गाडी पुन्हा चालू करायची असं त्यांच्या मनाने घेतलेलं असतं. इन्स्टाग्रामवर चकाचक झालेल्या गाडीची रील तीस सेकंदांची असते. प्रत्यक्षात हे काम वर्ष-दोन वर्षं चालतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत पगारातून उरेल तेवढ्यावरच चालतं. हे इतक्या कमी पैशांत जमतं तरी कसं? त्याचं उत्तर त्या मुलांच्या जिद्दीत आहेच, पण त्याहून जास्त या गाडीच्या आणि आपल्या देशाच्या इतिहासात आहे.

प्रागहून म्हैसूरला

फ्रांतिशेक यानेचेक हा चेकोस्लोव्हाकियातला शस्त्रास्त्रांचा कारखानदार. पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रांची मागणी घटली तेव्हा तो दुसऱ्या धंद्याच्या शोधात होता. १९२९ साली त्याने वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवायचे हक्क विकत घेतले. यानेचेकमधला 'जा' आणि वाँडररमधला 'वा' मिळून 'जावा' हे नाव झालं. इंडोनेशियातल्या बेटाशी त्याचा संबंध नाही.

दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात होता. नागरी वापराच्या गाड्यांवर काम करायला बंदी होती, तरी जावाच्या अभियंत्यांनी चोरून एक नवीन २५० सीसीची गाडी तयार केली. युद्ध संपल्यावर १९४६ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. पुढे १९५० च्या दशकात याच घराण्यातून आलेलं मॉडेल भारताच्या वाट्याला आलं.

त्या काळात भारतात मोटरसायकली मुख्यतः बाहेरून येत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची टंचाई झाली आणि सरकारने आयातीवर कडक बंधनं घातली. गाडी विकायची तर ती इथेच बनवा, असा त्याचा अर्थ होता. मद्रासला एनफिल्डची बुलेट १९५५ पासून जुळवली जाऊ लागली होतीच. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत काढली. आणि मुंबईचे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' ही कंपनी उभी केली. १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे १९७० च्या दशकात जावाचं नाव मागे पडलं आणि टाकीवर 'येझदी' आलं. इराणमधल्या यझ्द या शहरावरून हे नाव घेतलं होतं. भारतातल्या झरतुष्ट्री इराण्यांपैकी अनेकांची मुळं त्याच भागात आहेत. एका जर्मन कंपनीचे हक्क घेऊन चेक माणसाने काढलेली गाडी, म्हैसूरच्या कामगारांनी बनवलेली, मुंबईच्या इराण्यांची, आणि नाव एका इराणी शहराचं. आपण तिला फटफटी म्हणून टाकलं.

न बदलण्याचा फायदा

या गाडीचं इंजिन टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. बुलेटसारखे व्हॉल्व्ह, टॅपेट, कॅम असलं काही नाही. किकचा दांडा आणि गिअरचा दांडाही एकच. दांडा वर फिरवला की किक, पुढे आणला की गिअर. हलणारे भाग कमी असल्यामुळे बिघडण्याच्या जागा कमी, आणि एखादा भाग बिघडला तरी तो डोळ्यांना दिसतो, हाताला कळतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. परवाना राजच्या काळात किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं आणि गिऱ्हाईक रांगेत उभं असायचं. चेतकसाठी नंबर लावून लोक दहा-दहा वर्षं थांबत. अशा बाजारात कंपनीला नवीन मॉडेल काढण्याची घाई कशाला असेल? त्यामुळे म्हैसूरची २५० सीसीची गाडी वर्षानुवर्षं थोड्याफार फरकाने तीच राहिली. १९७८ मध्ये रोडकिंग आली तिचं इंजिन बदललेलं होतं, पण त्याआधीची जावा आणि नंतरची जुन्या धाटणीची येझदी यांचे कितीतरी भाग एकमेकांना बसतात.

गिऱ्हाईकाच्या दृष्टीने हा अन्याय होता. जगात गाड्या सुधारत होत्या आणि आपण तीच गाडी पुन्हा पुन्हा विकत घेत होतो. पण पन्नास वर्षांनंतर तीच गोष्ट नातवाच्या पथ्यावर पडते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ढिगात हात घातला तर दुसऱ्याच वर्षाच्या गाडीचा भाग हाताला लागतो आणि तो आपल्या गाडीला बसतो. दरवर्षी मॉडेल बदललं असतं तर हे जमलं नसतं.

तिसरं कारण माणसांचं. नवीन भाग वेळेवर मिळत नसत आणि परवडतही नसत, म्हणून गावोगावच्या मिस्त्र्यांनी ते बनवायची, जुळवायची, भरून काढायची विद्या कमावली. लेथवरचा टर्नर झिजलेला दांडा वेल्डिंगने भरून पुन्हा मापात आणत असे. गॅस्केट जाड कागदाचं कापून बसवलं जाई. 'जुगाड' म्हणून आपण त्याची थट्टा करतो, पण दर वेळी ते जुगाड नसतं. मायक्रोमीटर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घेणाऱ्या माणसाला आपण कारागीर म्हणायला हवं.

१९८५ नंतर

१९८० च्या दशकात परदेशी तंत्रज्ञानाला दारं थोडी उघडली. इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १०० आल्या आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. ती फोर-स्ट्रोक होती, लिटरमागे येझदीच्या कितीतरी पुढे जाणारी आणि पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट नसलेली. नोकरदार माणसाने हिशेब केला आणि येझदी पडवीत गेली. पुढे धुराचे नियम आले, तेही टू-स्ट्रोकच्या विरोधातच होते. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

कारखाना बंद होतो तेव्हा गाड्या रस्त्यावरून लगेच नाहीशा होत नाहीत. नाहीसं होतं ते मागचं जाळं: अधिकृत डीलर, सुट्या भागांचा साठा, मॅन्युअल, आणि नवीन मिस्त्री शिकण्याचं कारण. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली. पण त्या आजच्या गाड्या आहेत, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या. पडवीतल्या गाडीला त्यांचा एकही पिस्टन बसणार नाही.

पैसे आधी कुठे घालायचे

खिसा मर्यादित असेल तर क्रम महत्त्वाचा. नवशिक्यांचे पैसे बहुधा रंगावर आणि क्रोमवर आधी जातात, आणि चकचकीत टाकी लावलेली गाडी इंजिनाअभावी आणखी दोन वर्षं पडून राहते. जुने मिस्त्री उलट सांगतात: आधी ब्रेक, टायर, वायरिंग, मग इंजिन, रंग सर्वांत शेवटी.

जाम झालेलं इंजिन दर वेळी मेलेलं नसतं. प्लग काढून त्या भोकातून डिझेल किंवा पातळ ऑईल सोडायचं आणि काही दिवस वाट पाहायची. हातोडा मारायचा नाही. पिस्टन सुटला की सिलिंडर उतरवून आत पाहायचं. भिंतीवर खोल ओरखडे असतील तर सिलिंडर बोअर करून थोडा मोठा पिस्टन घालावा लागतो. हे मोठे पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वाढत जातात, आणि पिस्टनच्या डोक्यावर त्याचं माप ठोकलेलं असतं. तो आकडा वाचा. या गाडीचं इंजिन आधी किती वेळा उघडलं गेलं, ती किती राबली, याचा अंदाज त्यातून येतो. झाडाच्या खोडात वर्षं मोजावीत तसंच.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असावी लागते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीत क्रँकचे रबरी ऑईल सील दगडासारखे कडक होतात. मग गाडी किकला उचलत नाही, धूर ओकते, आणि लोक कार्ब्युरेटर बदलत बसतात. सील स्वस्त असतं, पण त्यासाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं. त्यामुळे खर्च वस्तूचा कमी, मजुरीचा जास्त. स्वतः शेजारी बसून खोललं, प्रत्येक नट वेगळ्या पिशवीत ठेवून त्यावर चिठ्ठी लावली, फोनवर फोटो काढले, तर मजुरीही कमी होते आणि शिक्षणही होतं.

टाकीतला गंज काढायला महागडं रसायनच हवं असं नाही. मूठभर नट आणि व्हिनेगर टाकून टाकी हलवत राहायचं, ओतायचं, धुवायचं, पूर्ण वाळवायचं, आणि लगेच आतून ऑईल फिरवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज. एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: पेट्रोलची टाकी नीट साफ केल्याशिवाय वेल्डिंगला द्यायची नाही. रिकाम्या टाकीतली वाफही पेटते.

कागद नसेल तर गाडी नाही

सर्वांत महाग चूक मात्र गॅरेजबाहेर होते. चासी आणि इंजिनचा नंबर आरसी बुकाशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही घालू नये. कागद नसलेली गाडी स्वस्त मिळते, कारण ती कायद्याच्या दृष्टीने गाडीच नसते.

२०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे आण्णांची १९६८ ची जावा मानाने मिरवता येईल, पण तिच्यावरून कामाला जाता येणार नाही. आणि १९८४ ची रोडकिंग? ती व्हिंटेज नाही. ती फक्त जुनी आहे. तिला पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण लागतं आणि मोटरसायकलच्या त्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाली. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीच आली.

धुराचा मुद्दा खोटा नाही. टू-स्ट्रोक इंजिन जळलेल्या वायूबरोबर काही न जळलेलं इंधनही बाहेर टाकतं. पण महिन्यातून एकदा निघणारी गाडी आणि रोज पन्नास किलोमीटर धावणारी गाडी यांना एकाच तागडीत तोलायचं का, हा प्रश्न विचारायला हवा. श्रीमंत संग्राहकाला २०,००० रुपये जड नाहीत. जड आहेत ते तालुक्याच्या गावातल्या त्या मुलाला, आणि तो मागे हटला तर सामान्य माणसांच्या सामान्य गाड्यांचा इतिहास भंगारात जाईल. मागे उरतील ते फक्त मोठ्या गॅरेजमधले निवडक, नव्याहून नवे नमुने.

चकाकी आणि पुरावा

कमी पैशांच्या दुरुस्तीची बाजू घ्यायला मला आणखी एक कारण दिसतं. भरपूर पैसे असले की सगळं बदललं जातं: नवा रंग, नवं क्रोम, नव्या वायरी. गाडी सुंदर दिसते, पण तिच्यावरचे पन्नास वर्षांचे हिशेब पुसले जातात. पैसे कमी असले की जे चालतंय ते ठेवावं लागतं. मडगार्डवर कुणा पेंटरने हाताने लिहिलेलं नाव, तुटलेल्या कानाला लावलेली पितळी पट्टी, किटल्या बांधून बांधून घासलेलं कॅरिअर. या खुणांवरून कळतं की ही गाडी शोरूममधून निघून कुणाच्या आयुष्यात काय करत होती. म्हैसूरच्या कारखान्याने काय बनवलं हे जाहिरातींतून कळेल; लोकांनी त्याचं काय केलं हे या खुणांतूनच कळतं.

म्हणून सँडपेपर हातात घेण्याआधी गाडी जशी सापडली तशी, चारी बाजूंनी, फोटोत उतरवून ठेवा. आणि मिस्त्रीकडे बसाल तेव्हा फोनचं रेकॉर्डिंग चालू करायची त्याची परवानगी घ्या. रोडकिंग आली तेव्हा अठराव्या वर्षी पाना हातात घेतलेला पोरगा आज पासष्टी ओलांडतोय. त्याला पॉइंटचा गॅप आवाजावरून कळतो, आणि ते त्याने कुठेही लिहून ठेवलेलं नाही. गाडीचे सुटे भाग अजून काही वर्षं बाजारात मिळत राहतील. त्याचं ज्ञान मिळायला एवढा वेळ नाही. यंदाच्या पावसाळ्यात गाडी खोलणार असाल, तर पहिला फोन त्याला करा.