जुने नकाशे आणि मूळ गावाचा शोध : बोरगावचे उदाहरण

देवस्थानाच्या महाजन कुळांस मूळ गावाची महती सांगावयास नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. दैवते नव्या जागी स्थिरावली, तरी जुन्या गावांची नावे कुळांच्या तोंडी राहिली. पुढे चाकरी-व्यापारासाठी दूर गेलेल्या घराण्यांच्या मधल्या मुक्कामांची गावे मात्र पुष्कळदा केवळ नावापुरती उरली. नाव ठाऊक, पण ठिकाण ठाऊक नाही, अशा वेळी जुन्या स्थलनिर्देशक नकाशांचा मोठा उपयोग होतो. तो कसा, हे मध्यप्रदेशातील मराठी भाषिक सौंसर तालुक्यातल्या बोरगावावरून चांगले समजते.

पहिली अडचण नावाचीच. बोरीच्या झाडावरून पडलेले हे नाव अनेक गावांस आहे. अकोल्याजवळ बोरगाव मंजू आहे, खंडवा जिल्ह्यात बोरगाव बुजुर्ग आहे, आणि नुसत्या बोरगावांची तर गणतीच नाही. जुन्या कागदात 'मौजे बोरगाव' एवढाच उल्लेख आढळला, तर त्यावरून गाव निश्चित करता येत नाही. त्यासाठी कागदातील परगणा, नदी आणि शेजारची गावे नकाशाशी ताडून पाहावी लागतात.

या प्रांताच्या मोजणीचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १८०२ साली मद्रासेस पायारेषा मोजून विल्यम लॅम्ब्टन यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. उत्तरेकडे सरकत असता १८२३ साली हिंगणघाट येथे त्यांचे देहावसान झाले. ७८ अंश रेखांशाच्या आसपासची ती महारेषा जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. त्या वेळी सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निवर्तले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. मैलास एक इंच या प्रमाणावरील रंगीत नकाशांची नवी मालिका मात्र १९०५ नंतरची होय.

या मालिकेतील पत्रक शोधण्याची रीत सोपी आहे. चार अंशांच्या मोठ्या चौकोनास एक अंक दिलेला असतो. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग करून त्यांस ए पासून पी पर्यंत अक्षरे दिली जातात आणि अशा प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा तुकडे होतात. त्यानुसार सौंसर नगर ५५ के/१४ या पत्रकावर येते आणि पांढुर्णा त्याच्या पश्चिमेच्या ५५ के/१० वर. बोरगावाचा शोध घेणाऱ्याने सौंसरच्या पत्रकापासून आरंभ करावा.

पत्रक हाती आल्यावर प्रथम समासातील मोजणीचे वर्ष वाचावे. ते फाटले वा पुसले गेले असल्यास नकाशातील खुणाच काळ सांगतात. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी रेल्वे १९१३ साली सुरू झाली. लोधीखेड्याहून सौंसरकडे जाणारा लोहमार्ग पत्रकावर पूर्ण झालेला दाखविला असेल, तर ते पत्रक त्यानंतरचे समजावे. रुंदीकरणासाठी तो अरुंद मार्ग २०१५ मध्ये बंद झाला, त्यामुळे त्याची मूळ वाट पाहावयाची तर जुन्या पत्रकांकडेच वळावे लागते. दुसरी खूण सीमेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. त्यापूर्वीच्या पत्रकावर सौंसर आणि सावनेर यांच्या मधली रेषा केवळ जिल्ह्याची आहे, तर त्यानंतर तीच रेषा राज्याची झाली. सोयरीक, बाजार आणि जत्रा या रेषेच्या दोन्ही बाजूंस पूर्वीपासून चालत आल्या, ही गोष्ट जुना नकाशा पाहताच ध्यानात येते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले, म्हणून जुन्या कागदांत हे गाव छिंदवाडा जिल्ह्याखालीच शोधले पाहिजे.

देवस्थानाच्या दृष्टीने तीन गोष्टी विशेष पाहाव्यात : देवळाची खूण, विहिरी व तलाव, आणि ओसाड गावे. ओसाड वस्तीस नकाशात वेगळे चिन्ह असते. वऱ्हाड-नागपूरकडे अशा गावास रीठ म्हणतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी मध्यप्रांतास ग्रासले होते. रीठ झालेल्या गावाचे नाव पुढे शेताच्या नावात उरते, आणि कधी कधी त्या जागी केवळ देवीचा ओटा शिल्लक राहतो.

येथे नकाशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मोजणीदारांनी नावे रोमन लिपीत उतरविली, त्यामुळे त आणि ट, ल आणि ळ यांतील भेद नाहीसा झाला. लहान देऊळ सुटून गेले असेल, म्हणून नकाशात नाही ते नव्हतेच असे समजू नये. शिवाय नकाशा हा मालकीचा पुरावा नव्हे. देवस्थानाच्या जमिनीचा प्रश्न असल्यास बंदोबस्ताचे कागद आणि वाजिब-उल-अर्ज पाहावे लागतात. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली, तेव्हा तत्पूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगवेगळ्या वाचणे अगत्याचे आहे.

मोठ्या प्रमाणावरील नकाशे मिळविणे एके काळी कठीण होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आणि २०२१ च्या नव्या नियमांनी ही वाट पुष्कळ सुगम केली आहे. दुसरे साधन मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे, ते म्हणजे शेताचे, पाणवठ्याचे आणि पाऊलवाटेचे नाव मुखोद्गत असलेली वडीलधारी माणसे. नकाशा ठिकाण दाखवितो, पण तेथे कोणाचे घर होते आणि कोणत्या वाटेने पालखी जात असे, हे तेच सांगू शकतात. म्हणून प्रत्येक कुळाने जुन्या पत्रकाची एक प्रत मिळवावी, ती वडिलांपुढे पसरावी, आणि ते जी नावे सांगतील ती त्यांच्याच उच्चारांनुसार देवनागरीत तिच्यावर लिहून ठेवावीत. अशी प्रत देवस्थानाच्या दप्तरात राहिली, तर पुढील पिढीस नुसत्या 'बोरगाव' या शब्दावरून गाव शोधीत हिंडावे लागणार नाही.