‘गुड टाइम्स’ : नसलेल्या फाइलची दहशत

१/७ १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत एक इशारा फिरू लागला : ‘गुड टाइम्स’ या शीर्षकाचा ईमेल आला तर तो उघडू नका, उतरवून घेऊ नका, हार्ड डिस्क पुसली जाईल. असा विषाणू अस्तित्वातच नव्हता. इशारा मात्र पुढे अनेक वर्षे फिरत राहिला.

२/७ त्याची घडण पाहा. नंतरच्या आवृत्त्यांत सरकारी दूरसंचार आयोगाचा हवाला आला, प्रोसेसर ‘अनंत आवर्तनात’ अडकून जळेल असे भारदस्त शब्द आले, आणि शेवटी आर्जव : सर्व मित्रांना कळवा. देवाच्या नावाने ‘एवढ्या प्रती लिहून पाठवा’ असे बजावणारी पोस्टकार्डे आपल्या आजी-आजोबांना आठवत असतील. साचा तोच.

३/७ अमेरिकी ऊर्जा खात्याच्या संगणक-सुरक्षा गटाने डिसेंबर १९९४ मध्येच ही अफवा असल्याचे जाहीर केले. त्या काळी ईमेल म्हणजे साधा मजकूर. तो नुसता वाचल्याने प्रोग्राम चालत नसे. पसरत होता तो इशाराच, आणि त्याचे वाहक होते सद्हेतूने वागणारी माणसे.

४/७ पुढे नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘बबलबॉय’ आला : आउटलुकमध्ये ईमेल उघडताच सक्रिय होणारा. मग अफवा भविष्यवाणी ठरली का? नाही. मधल्या काळात ईमेलमध्ये स्क्रिप्ट चालवण्याची सोय आली होती. १९९४ चे खंडन १९९४ पुरते अचूकच होते. नंतरच्या घटनेने आधीच्या अफवेला पुरावा मिळत नाही.

५/७ २००२ मध्ये अफवेने पुढची पायरी गाठली. विंडोजमधील, अस्वलाचे चिन्ह असलेली एक फाइल विषाणू असून ती १४ दिवस सुप्त राहते, असे सांगणारे ईमेल आले. ती मायक्रोसॉफ्टचीच, जावा प्रोग्रामांतील दोष शोधण्यासाठीची फाइल होती. शोधणाऱ्याला ती सापडे. सापडली म्हणजे इशारा खरा, असे मानून अनेकांनी ती स्वहस्ते पुसली.

६/७ ‘स्माइल डॉग’ या भयकथेतील चित्रही याच कुळातले. पाहणाऱ्याला ते स्वप्नांत छळते आणि सुटकेची अट एकच : ते दुसऱ्याला दाखवा. इथे भीती हेच टपालखाते.

७/७ म्हणून अफवा हेही इतिहासाचे साधन आहे. ‘गुड टाइम्स’वरून १९९४ चे विषाणू कळत नाहीत, घरात नुकत्याच आलेल्या, आतून अनोळखी असलेल्या यंत्राविषयी माणसांना काय वाटत होते, ते कळते. साधन वाचताना प्रश्न दोन ठेवावेत : हे खरे आहे का? आणि खरे नसेल, तर ते पुढे पाठवावेसे का वाटले? दुसरा प्रश्न आपण बहुधा विसरतो.