आधी नाक, मग बोट : हवेवर चालणाऱ्या नेलगनचा इतिहास



आजचा विषय वाचून एका स्नेह्यांनी आम्हाला दारातच विचारलं, "नेलगनला कसला आलाय इतिहास?" प्रश्न रास्त आहे. हातोड्याला इतिहास असतो, तलवारीला असतो. सुताराच्या हातातली हवेची गन तर अगदी अलीकडची. पण तिच्या पाऊणशे वर्षांच्या आयुष्यात एक प्रश्न सतत उभा राहिला आणि त्याचं उत्तर मिळायला फार उशीर झाला. खिळा सुटायला दोन गोष्टी व्हाव्या लागतात: गनचं नाक लाकडावर दाबलं गेलं पाहिजे आणि बोटाने चाप ओढला गेला पाहिजे. यात आधी काय व्हावं? आज आपण एवढ्या एका प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत.

सुरुवात थोडी मागून करू. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत खिळा ही लोहाराने एकेक घडवायची वस्तू होती. 1795 मध्ये अमेरिकेत जेकब पर्किन्सने खिळे कापणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्या शतकात खिळा स्वस्त होत गेला. खाचा पाडून एकात एक बसवलेल्या जाड तुळयांच्या जागी अमेरिकेत बारीक वासे आणि भरपूर खिळे, अशी चौकटीची घरं उभी राहू लागली. म्हणजे घर बांधणं याचा अर्थ दिवसभर खिळे ठोकणं असा झाला.

दुसरा धागा हवेचा. आल्प्स पर्वतातला फ्रेजस बोगदा 1857 ते 1871 या काळात खोदला गेला. तिथे जर्मां सोमेयेने दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल वापरली, आणि पाइपातून शक्ती लांबवर नेता येते हे जगाला दिसलं. मात्र ही हवा सुताराच्या खिळ्यापर्यंत पोचायला आणखी ऐंशी वर्षं लागली.

ती पोचली एका विमानामुळे. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, म्हणून हॉवर्ड ह्यूजने एक प्रचंड लाकडी विमान बांधायला घेतलं. लोक त्याला 'स्प्रूस गूस' म्हणतात, पण त्यातलं बहुतेक लाकूड बर्च आहे. लाकडाचे पातळ थर सरसाने एकमेकांवर चिकटवायचे, सरस धरेपर्यंत ते बारीक खिळ्यांनी दाबून ठेवायचे आणि मग खिळे उपटून काढायचे, असं ते काम. या कामासाठी मॉरिस पायनूस या इंजिनिअरने खिळे मारणारं यंत्र केलं, आणि पहिल्या नेलगनचं श्रेय त्याला दिलं जातं. विमान 2 नोव्हेंबर 1947 रोजी एकदाच, साधारण दीड किलोमीटर उडालं. गन मात्र टिकली. 1950 मध्ये ती घरबांधणीच्या बाजारात आली. उभ्या उभ्या जमिनीच्या फळ्या ठोकायच्या, मिनिटाला 40 ते 60 खिळे.

तो काळच घाईचा होता. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. न्यूयॉर्कजवळच्या लेविटटाउनमध्ये 1947 ते 1951 या चार वर्षांत सतरा हजारांवर घरं उभी राहिली. घर तुकड्यातुकड्याने बांधायचं आणि प्रत्येक टोळीने एकच काम करायचं, ही पद्धत रुळली. पुढे चौकटीचं कामही अनेक ठिकाणी उक्त्यावर जाऊ लागलं. उक्तं काम म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. हात जितका भरभर चालेल तितका पैसा.

आता गनच्या आत जरा डोकावू, म्हणजे पुढचं नीट कळेल. पाइपातून आलेली हवा गनच्या पोटात दाबून भरलेली असते. चाप ओढला की एक छोटी झडप उघडते, तिच्यामुळे मोठी झडप सरकते आणि सगळी हवा पिस्टनच्या डोक्यावर येते. पिस्टनला जोडलेली पोलादी पट्टी खाली धावते आणि खिळा लाकडात शिरतो. पिस्टनखालची हवा बाजूच्या कप्प्यात दाबली जाते, आणि तीच त्याला परत वर ढकलते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

आणि गनच्या तोंडाशी एक सरकता तुकडा असतो. कारागीर त्याला नाक म्हणतात. ते दाबलं गेल्याशिवाय खिळा सुटत नाही. अमेरिकेत 1970 च्या कायद्यातून ओशा ही कामगार-सुरक्षा यंत्रणा आली. तिच्या बांधकामाच्या नियमांनी 100 पीएसआयपेक्षा जास्त दाबावर चालणाऱ्या आणि आपोआप खिळा पुढे सरकवणाऱ्या गनला असं नाक सक्तीचं केलं. चांगलंच झालं. पण नियमाने नाकाकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं नाही. दोन्ही गोष्टी कोणत्या क्रमाने व्हाव्यात, यावर तो गप्प होता.

घाईच्या धंद्याने या मोकळ्या जागेत स्वतःची सवय बसवली. चाप ओढून धरायचा आणि गन लाकडावर नुसती आपटत जायची. प्रत्येक आपटीला एक खिळा. वेगवान आहे, यात शंका नाही. पण गनला धक्का असतो. खिळा सुटल्यावर ती उसळते आणि परत खाली टेकते. बोट चापावर असेल तर कारागिराला नको असलेला दुसरा खिळा सुटतो. शिडीवरून उतरताना बोट चापावर राहिलं आणि नाक मांडीला लागलं, तर तेवढंही पुरतं. नाकाला लाकूड आणि मांडी यातला फरक कळत नाही.

दुसरी पद्धत पूर्ण क्रमाच्या चापाची. आधी नाक दाबा, मग चाप ओढा. चाप आधी ओढलात तर काहीच होणार नाही. पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडायचं आणि पुन्हा त्याच क्रमाने यायचं. बाहेरून दोन्ही गन जवळपास सारख्याच दिसतात.

हा फरक किती मोठा आहे, हे मोजायला विसावं शतक सरावं लागलं. ड्यूक विद्यापीठाच्या हेस्टर लिप्सकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट लुइस भागातल्या शिकाऊ सुतारांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपटून चालणाऱ्या चापाने दुखापतीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यातून दिसलं. चार वर्षांच्या काळात घरबांधणीतल्या पाच शिकाऊंपैकी दोघांना गनने जखमी केलं होतं. 2001 ते 2005 या वर्षांत अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत नेलगनच्या दुखापतीचे रुग्ण वर्षाला सरासरी 37,000 येत होते. निम्म्याहून जास्त जखमा हाताच्या आणि बोटांच्या.

मग वेगाचं काय? तेही तपासलं गेलं. अनुभवी सुतारांकडून दोन्ही चापांनी लहान शेड बांधून घेतल्या. आपटून मारलं तर खिळे मारण्याचा वेळ दहा टक्के वाचला. पण मोजमाप, कापणं, उभारणं धरून एकूण बांधकामाच्या वेळात हा फरक एक टक्काही नव्हता. गन कुणाच्या हातात आहे, यानेच जास्त फरक पडत होता. पन्नास वर्षं जो सौदा आपण केला, तो एवढ्यासाठी!

2002 च्या ऐच्छिक मानकात मोठ्या गनसोबत क्रमाचा चाप द्यावा अशी तरतूद आली. 2011 मध्ये ओशा आणि नायोश या दोन सरकारी संस्थांनी मार्गदर्शिका काढली, तिची पहिली शिफारस हीच: पूर्ण क्रमाचा चाप वापरा.

आता आपल्याकडे येऊ. आपण लाकडी चौकटीची घरं बांधत नाही. आपल्याकडे ही गन भेटते ती सोफा, प्लायवूडचं फर्निचर, पॅकिंगची खोकी अशा कामांत. काही वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या कारखान्यात गेलो होतो. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा फळी डाव्या हाताने धरून गन चालवत होता, आणि गनचं नाक तारेने मागे बांधून टाकलेलं होतं. मिस्त्रींना विचारलं, तर म्हणाले, "अहो साहेब, सारखं अडकायचं. काम अडतंय म्हणून बांधलं." त्यांनाच पाइप काढायला लावला, खिळे बाहेर काढले. नाकाशी भुसा आणि फेविकॉलचा थर दगडासारखा बसला होता. मऊ ब्रश आणि फडक्याने साफ केल्यावर नाक स्प्रिंगवर टुणकन पुढे आलं. पंधरा मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी त्या पोराचा हात पणाला लागला होता.

म्हणून देखभाल हा सुरक्षिततेपेक्षा वेगळा विषय आम्ही मानत नाही. थोडक्यात सांगतो, लिहून घ्यायला हरकत नाही.

रोज सुरुवातीला, खिळे न भरता आणि पाइप न लावता, नाक हाताने दाबून पाहा. ते सहज आत जाऊन स्वतःहून परत आलं पाहिजे. गनला तेल लागत असेल तर हवेच्या तोंडातून हवेच्या अवजारांसाठीच बनवलेल्या तेलाचे दोन-चार थेंब घाला; इंजिन ऑइल नको, त्याने ओ-रिंग खराब होतात. काही गन बिनतेलाच्या असतात, त्यांना तेल नकोच. संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडून द्या, नाहीतर ते गनमध्ये जाऊन गंज धरतो. दाब खिळा नीट बसेल इतकाच ठेवा, गनवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे कधीच नाही. आणि कॉम्प्रेसर बंद आहे म्हणून ऑक्सिजनचं सिलिंडर जोडू नका. गन फुटते.

जोडणीचीही एक बारीक गोष्ट आहे. गनवर साधं टोक हवं आणि झडपेचा कपलर पाइपाच्या बाजूला. मग पाइप काढताच गनमधली हवा निघून जाते. उलटं बसवलं तर पाइप काढल्यावरही एक खिळा मारण्याइतकी हवा आत कोंडून राहते. अडकलेला खिळा काढताना, गन दुसऱ्याला देताना, शिडी चढताना आधी पाइप काढा. रिकामा हात खिळ्यापासून निदान फूटभर लांब ठेवा, कारण गाठ लागली की खिळा वळून बाहेर येतो. डोळ्यांना चष्मा हवाच. आणि हातात खिळा शिरलाच तर तो स्वतः उपटू नका, दवाखान्यात जा. खिळ्यासोबत त्याच्या पट्टीची तार किंवा प्लास्टिकही आत गेलेलं असू शकतं.

शेवटी श्रोत्यांमधल्या एका सुतारकाकांनी विचारलं, "चाप बदलता येतो का?" बऱ्याच गनमध्ये येतो. त्या बनावटीचा क्रमाचा चाप मिळतो का, ते दुकानात विचारा. नवी गन घेताना खिळे काढून, नाक लाकडावर न टेकवता चाप ओढून धरा आणि मग नाक टेकवा. गन धडकली, तर ती आपटून चालणारी. काहीच झालं नाही, तर ती घ्या.