बंदराचा हक्क : मालदीवचा तांदूळ, जकात आणि सत्ता

मराठीत ‘जकात’ म्हणजे नाक्यावर मालावर बसणारा कर. उर्दूच्या वर्गात हाच शब्द धार्मिक कर्तव्याच्या अर्थाने येतो. दोन्ही भाषा एकाच दिवशी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ दरवर्षी पाहावा लागतो. इब्न बतूताच्या प्रवासवर्णनाचा उर्दू अनुवाद शिकवताना मालदीवचा भाग आला, तेव्हा एका विद्यार्थिनीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. “सर, तिथे भात पिकत नाही, मग ते लोक तांदूळ आणत कुठून आणि त्याची किंमत कोण ठरवत होतं?” प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. मालदीवचा इतिहास आपल्याकडे शिकवला जातो तो फार तर सुलतानांच्या नावांचा आणि पोर्तुगीजांच्या स्वारीचा. जहाज कोणत्या किनाऱ्याला लागेल, त्यातला माल आधी कोण घेईल आणि कोणत्या भावाने घेईल, या बाजूने तो इतिहास वाचला तर तेथील राज्यसत्ता अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे.

मालदीवची बेटे सुमारे बाराशे असून ती कंकणाकृती प्रवाळबेटांच्या समूहांत दक्षिणोत्तर पसरलेली आहेत. आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटापासून त्यांचे उत्तर टोक सुमारे १३० कि.मी. अंतरावर आहे. जमीन वाळूची आणि पातळ. नारळ येतो, समुद्रात मासे मुबलक, पण भाताला लागणारी माती नाही. तरीही लोकांचे मुख्य अन्न भात झाले. म्हणजे रोजच्या जेवणातील अर्धा भाग समुद्रातून आणि अर्धा भाग दुसऱ्याच्या देशातून, अशी ही व्यवस्था शतकानुशतके चालली.

इब्न बतूता इ.स. १३४३ च्या सुमारास तेथे पोहोचला. त्या वेळी गादीवर सुलताना खदीजा होती. त्याला काझी नेमले गेले. त्याने लिहून ठेवलेल्या गोष्टींपैकी त्याच्या विवाहांचीच चर्चा आपल्याकडे जास्त होते, याचे मला नेहमी वाईट वाटते. त्याची खरी नजर बाजारावर होती. तो सांगतो की परदेशी जहाज दिसले की बेटवासी लहान होड्या घेऊन सामोरे जात आणि विड्याची पाने व शहाळी देत. ज्या प्रवाशाला ज्याने हे दिले, तो त्याचा पाहुणा होई आणि त्याचे सामान यजमानाच्या घरी जाई. इथपर्यंत आतिथ्य. त्यानंतर हिशेब सुरू होतो. प्रत्येक जहाजातील मालाचा काही भाग ठरलेल्या किमतीने विकत घेण्याचा हक्क राज्यकर्त्याचा असे, मग त्या मालाची खरी किंमत तेवढी असो वा जास्त. यालाच तेथे ‘बंदराचा कायदा’ म्हणत. शिवाय बेटाबेटांवर लाकडी कोठार असे. तेथे अधिकारी माल गोळा करून खरेदी-विक्री करी. बाहेरून आलेल्या मातीच्या एका भांड्याला पाच-सहा कोंबड्या पडत, हीही नोंद त्याने केली आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. ‘बंदर’ हा फारसी शब्द मराठीत आणि उर्दूतही आहे. पण मालदीवच्या दिवेही भाषेत राजाच्या, म्हणजे सरकारच्या मालकीच्या वस्तूला ‘बंडारा’ म्हणतात आणि आपल्या ‘भांडार’शी त्याचे नाते उघड आहे. एक शब्द किनाऱ्याचा, दुसरा कोठाराचा. उच्चाराने जवळ आलेले हे दोन शब्द मालदीवमध्ये व्यवहारातही एकमेकांना चिकटून होते.

तांदळाच्या बदल्यात ही बेटे देत काय? सुकवलेले मासे, काथ्या आणि मुख्यतः कवड्या. इब्न बतूता कवड्यांची मोजणी सविस्तर देतो : शंभराचे एक नाव, सातशेचे दुसरे, बारा हजारांचे तिसरे आणि एक लाखाचे ‘बुस्तू’. चार बुस्तूंना एक सोन्याचा दीनार मिळे, पण कधी भाव पडून एका दीनारला दहा बुस्तू द्यावे लागत. बंगालचे लोक कवड्या घेऊन तांदूळ देत, कारण बंगालात कवडी हेच किरकोळ व्यवहाराचे नाणे होते. येमेनचे व्यापारी तर जहाजाचा तोल राखण्यासाठी तळाशी वाळूऐवजी कवड्याच भरत. चार आणि दहा या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. कवडी स्वस्त झाली की तांदूळ आपोआप महाग होणार. समुद्रात कंबरभर पाण्यात उभे राहून कवड्या वेचणाऱ्या बाईला त्याचे कारण कळण्याचा काही मार्ग नव्हता.

पुढील मोठा साक्षीदार फ्रेंच खलाशी पिरार द लावाल. त्याचे जहाज जुलै १६०२ मध्ये मालदीवच्या खडकांवर फुटले आणि तो १६०७ पर्यंत तेथे अडकून पडला. फुटलेल्या जहाजाचा माल राजाचा, हा तेथला नियम त्याला स्वतःच्या अनुभवाने कळला. एकाच वर्षात केवळ कवड्यांनी भरलेली ३० ते ४० जहाजे आपण पाहिली, असे तो लिहितो. सुटकेनंतर तो गोव्याला पोहोचला.

गोव्याचा संबंध एवढ्यावर संपत नाही. मालदीवचा सुलतान हसन नववा याने १५५२ मध्ये कोचीनला ख्रिस्ती धर्म स्वीकारून दों मानुएल हे नाव घेतले. त्याच्या नावाने पोर्तुगीजांनी १५५८ ते १५७३ माले ताब्यात ठेवले. मुहम्मद ठाकुरुफानू यांनी त्यांना घालवल्यानंतरही दों मानुएलचे वंशज पोर्तुगीज मुलखात राहून गादीवर हक्क सांगत राहिले. पोर्तुगीजांना या ओसाड वाटणाऱ्या बेटांत रस का होता, याचे उत्तर धर्मप्रसारात जेवढे आहे, त्याहून अधिक काथ्या आणि कवड्यांत आहे. काथ्याशिवाय जहाजाचे दोर वळता येत नव्हते.

ब्रिटिश काळात बंगालातील कवडी-चलन मागे पडले आणि मालदीवच्या हातात मुख्यतः सुके मासे उरले. ओडी नावाची मोठी गलबते नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या शेवटी कलकत्त्याकडे निघत आणि ईशान्येचे वारे सुरू झाले की तांदूळ घेऊन परत येत. वर्षातून एक फेरी. हळूहळू कोलंबोचे महत्त्व वाढले, कारण सिंहली स्वयंपाकाला ‘उंबलकड’ म्हणजे मालदीवचा सुका मासा लागतोच. याच शतकात भारतातील बोहरा व्यापारी मालेत दुकाने थाटून बसले. आयातीचा फार मोठा भाग त्यांच्या हाती गेला आणि निर्यातीचा मासाही तेच उचलू लागले. १८८० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध असंतोष पेटला. त्या अशांत पार्श्वभूमीवर १६ डिसेंबर १८८७ रोजी मालदीव ब्रिटिश संरक्षणाखाली आले. दुकानदार मुसलमान आणि गिऱ्हाईकही मुसलमान, त्यामुळे या तंट्याला धर्माचा रंग देता येत नाही. तंटा भावाचा आणि मक्तेदारीचा होता. पण बोहऱ्यांना केवळ शोषक ठरवून मोकळे होणेही मला पटत नाही. जोखीम घेऊन माल आणणारा दुसरा कोणी त्या वेळी उभा नव्हता.

ही साखळी किती नाजूक होती ते दुसऱ्या महायुद्धात दिसले. जहाजे थांबली, सिलोनमध्येच धान्याचे रेशनिंग आले आणि मालदीवमध्ये उपासमार झाली. दक्षिणेच्या अड्डू समूहात ब्रिटिशांचा गुप्त नाविक तळ उभा राहत होता, त्याच काळात इतर बेटांवर लोक झाडपाला आणि कंद शोधत होते. मोहम्मद अमीन दीदी यांनी चाळीसच्या दशकात व्यापार सरकारच्या हाती आणण्याचा प्रयत्न केला. ते १ जानेवारी १९५३ रोजी पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, पण उपचारासाठी सिलोनला गेलेले असताना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पदच्युत झाले. त्या रोषामागे इतर कारणेही होती. अन्नटंचाई त्यांपैकी एक.

सरकारी मक्तेदारीने प्रश्न सुटला का? दक्षिणेकडील बेटांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. अड्डू, हुवधू आणि फुवामुलाचे लोक पूर्वापार आपल्या गलबतांनी थेट कोलंबोशी व्यापार करत. सर्व व्यवहार मालेमार्फत व्हावा, हा राजधानीचा आग्रह त्यांना जाचक होता. त्यात १९५८ च्या अखेरीस नव्या करांची भर पडली आणि जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी संयुक्त सुवादीव प्रजासत्ताक घोषित केले. १९६२ मध्ये माले सरकारच्या सशस्त्र नौकेने थिनाधू बेट रिकामे केले आणि १९६३ मध्ये हे प्रजासत्ताक संपले. ‘सुवादीव’ हे हुवधूचे जुने नाव. इब्न बतूताने थोडेफार भरडधान्य पिकवणारा प्रदेश म्हणून ज्या ‘सुवैद’चा उल्लेख केला, तो हाच.

१९६४ मध्ये सरकारी व्यापार संस्था स्थापन झाली. १९७९ पासून ती राज्य व्यापार संघटना म्हणून ओळखली जाते. तांदूळ, कणीक आणि साखर हा तिच्या कामाचा गाभा. २०११ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत आयात शुल्क हाच तेथील सरकारी तिजोरीचा एक मोठा आधार होता. ज्या देशात जवळपास सर्वच वस्तू बाहेरून येतात, तेथे आयात शुल्क हा प्रत्येक ताटावरचा कर ठरतो, हे अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी वर्गात जरूर सांगावे.

१९८१ च्या व्यापार करारानुसार भारत मालदीवला आवश्यक वस्तूंचा कोटा देतो. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा लासलगावला लिलाव बंद पडले. पुढे एप्रिल २०२४ मध्ये ही बंदी असतानाच, आणि दोन्ही देशांतील संबंध ताणलेले असतानाही, २०२४-२५ साठी मालदीवला ३५,७४९ टन कांदा, १,२४,२१८ टन तांदूळ आणि ४२ कोटींहून अधिक अंड्यांची परवानगी मिळाली. २०२२ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार होती. कोटा ही कमाल मर्यादा असते, प्रत्यक्ष आयात नव्हे, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. नाशिकच्या शेतकऱ्याला बंद असलेली वाट मालेसाठी उघडी राहिली, आणि ती कोणी उघडली हेही स्पष्ट होते.

सप्टेंबर २०२० मध्ये तुतिकोरीन आणि कोचीनहून मालदीवसाठी थेट मालवाहू जहाजसेवा सुरू झाली. पहिल्या फेरीत ते जहाज आधी उत्तरेतील कुलुधुफुशी बंदराला लागले, तेथे माल उतरवला आणि त्यानंतर मालेकडे गेले.